ऊब, ओल आणि बावचीचं तेल

आमच्या घरच्या थर्मासमधला चहा प्यायचं आईने एका रविवारी सोडलं ते कायमचंच. त्या थर्मासमध्ये मी सालबर्डीच्या कुंडातलं गरम पाणी भरून नागपूरला नेलं होतं. नुसतं पाणी असतं तर तिने चालवून घेतलं असतं, देवाच्या ठिकाणचं म्हणून उलट दोन थेंब डोळ्यांना लावले असते. पण मी काठचा हिरवट, बुळबुळीत चिखलही सोबत घेतला होता, आणि तो कशाला असं तिने विचारल्यावर मी सरळ सांगून बसले की यात बुरशी शोधायची आहे.

"घरात बुरशी कमी हाय का वं?" आई म्हणाली. "तुह्या बाबाच्या संत्र्याईवर रोज येते. थे ने ना."

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तळेगावात आमची संत्र्याची बाग होती आणि बाबा आसपासच्या बागांचा मालही घ्यायचे. हंगामात ओसरीवर संत्र्यांचे ढीग, वाळलेलं गवत, लाकडी पेट्या, आणि मधूनच एखाद्या फळावर उठलेला तो निळा-हिरवा भुरा. ढिगात एक नासकं आहे हे बाबा दारातूनच वासावर ओळखायचे आणि ते शोधून बाहेर फेकेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. बुरशी म्हणजे नुकसान, एवढंच आमच्या घराला माहीत. पोरगी वसतिगृहाची फी भरून त्याच बुरशीचा अभ्यास करते हे पाहुण्यांना सांगायची बाबांना लाज वाटे. कोणी विचारलंच तर "झाडापाल्याचं शिकते" म्हणून विषय संपवायचे.

सत्तरचं दशक संपायला आलं होतं आणि मी नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. आमच्या सरांना उष्णता मानवणाऱ्या बुरशींचं वेड होतं. बहुतेक बुरशी विदर्भातल्या उन्हाळ्यात आपल्यासारख्याच मरगळतात. पण काही अशा नखरेल असतात की पंचेचाळीस अंशांची ऊब मिळाल्याशिवाय त्या अंगच धरत नाहीत. शेणखताचा ढीग आतून तापतो, ओलं गवत दाबून रचलं की त्यात हात घालवत नाही, त्या उबेत ही मंडळी मजेत नांदत असतात. गरम पाण्याच्या झऱ्यात अशा कोणकोणत्या बुरशी सापडतात, कुठे जास्त, कुठे कमी आणि का, हा सरांनी मला दिलेला विषय. "तुमच्या भागात एखादा झरा आहे का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पटकन सालबर्डीचं नाव घेतलं. सरांना वाटलं, पोरीचा भूगोल पक्का आहे.

भूगोलाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या कुंडावर आमच्या घरचे दोन-तीन वर्षांपासून जात होते. ताईसाठी जात होते, आणि कशासाठी जातो ते बाहेर कोणाला सांगायची मला सक्त मनाई होती.

ताई माझी मोठी बहीण. आष्टीच्या एका शाळेत शिकवायची. खणखणीत आवाज, चालणं असं भरभर की बरोबर चालणाऱ्याला पळावंच लागे. शाळेतली पोरं तिला घाबरत आणि तिच्याच मागे मागे फिरत. आर्वीच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. त्याच सुमारास चुलतभावाच्या लग्नात हळद लावताना आत्याला ताईच्या मानेवर आणि पाठीवर फिक्कट डाग दिसले. आत्याने आईला धान्याच्या खोलीत ओढत नेलं आणि एकच शब्द सांगितला. कोड. त्या शब्दानंतर आमच्या घरात कोणी काही तपासून पाहिलं नाही. आत्याचं बोलणं आर्वीपर्यंत कसं गेलं देव जाणे, पण तिकडून "मुलाचा इतक्यात विचार नाही" असा गोड निरोप आला. मग बाबांनी ताईची शाळा सोडायला लावली. लोक पोरांना तिच्याजवळ पाठवणार नाहीत, त्यापेक्षा आपणच मानाने बाहेर पडलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. डाग कोडाचे निघाले तर ताईचं लग्न नाही, शाळा नाही, आणि कोड रक्तात उतरतं अशी समजूत असल्याने पाठोपाठ माझंही लग्न नाही. माझ्या लग्नाची मला फारशी फिकीर नव्हती. ताईची शाळा गेली त्याचा मात्र मला भयंकर राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

डॉक्टर का नाही गाठला, असं आता कोणीही विचारील. मीही विचारलं होतं. बाबा म्हणाले, नागपूरला कातडीच्या डॉक्टरकडे रांगेत बसायचं म्हणजे ओळखीचं कोणीतरी भेटणारच, आणि तिथे बसलेल्या पोरीला काय झालं असेल ते कोणाला सांगावं लागत नाही. देवाच्या कुंडावर मात्र कोणीही जातं. गुडघे दुखणारे जातात, नवस बोललेले जातात, नुसते सहलीचे डबे घेऊनही जातात. त्या गर्दीत आपली पोरगी खपून जाते.

तर दर रविवारी आई आणि ताई तळेगावहून आष्टी, आष्टीहून मोर्शी अशा एसट्या बदलत सालबर्डीला जायच्या. सुटीत मीही. ताईने लुगड्यासकट गरम पाण्यात डुंबून बसायचं, बाहेर येऊन ओलेतंच देवाला जायचं, मग आईने मानेला आणि पाठीला बावचीचं तेल चोळायचं. कोडावर बावची लावतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. आमच्या आईने औषधाला पुरेना म्हणून त्यात खोबरेल मिसळून ते भरपूर केलं होतं, आणि रविवारी लावून भागेना म्हणून रोज लावायला घेतलं होतं. त्यावरून बंद गळ्याचं, लांब बाह्यांचं जाड पोलकं. उन्हात जायची तर साफ मनाई, कारण उन्हात बाकीची कातडी रापते आणि डाग आणखी उठून दिसतात. चैत्र-वैशाखातही ताई तेलाने माखलेली, बंद गळ्यात, आतल्या खोलीत बसलेली असे. डाग वाढत होते. आई तेल वाढवत होती.

सरांनी विषय दिला आणि आमच्या रविवारच्या जाण्याला माझ्यामुळे एक सभ्य कारण मिळालं. आता बाबा उघडपणे सांगू लागले, "पोरीचं कॉलेजचं काम हाय, तिच्यासंगं जातेत." मला मनातून हसू यायचं. त्यांना लाज आणणारी माझी बुरशी एकदम घराची अब्रू झाकायला कामी आली होती.

मी दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणून, उकळून, बुचं लावून पिशवीत भरून न्यायची. झऱ्याच्या तोंडाशी पाणी चांगलंच कढत, गंधकाचा हलकासा वास असलेलं. तिथून ते बायकांच्या न्हाण्याच्या कुंडात यायचं आणि कुंडातून खाली एका ओहळात सांडून दगडांमधून थंड होत जायचं. तिन्ही जागांचं पाणी, चिखल, कुजका पाला मी गोळा करायची. लोक बघत उभे राहायचे. एका म्हाताऱ्याने मला, "सोनं निघते का?" असं हळूच विचारलं होतं. नाही म्हटल्यावरही पुढच्या रविवारी तो माझ्याच जागेवर एका काडीने उकरताना दिसला.

तिथेच आम्हाला कारंज्याची बाई भेटायची. तिच्या नवऱ्याचा कारंजा घाडगेला, हायवेवर, ट्रकवाल्यांचा ढाबा होता. तिच्या हातांवर आणि ओठांभोवती पांढरे डाग होते, लपवता येतील असे नव्हतेच, आणि तिने ते लपवायचा प्रयत्नही सोडून दिला होता. पूर्वी ती गल्ल्याजवळ बसायची. आता मागच्या बाजूला भांडी बघायची, कारण गिऱ्हाइकांना तिच्या हातचं चालत नव्हतं. ती कुंडात उतरली की दोन-चार बायका काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर निघायच्या. "पाह्य, माह्यासाठी जागा करून देतेत," ती ताईला म्हणायची, "बस आता ऐसपैस." ताई त्या दिवसांत घरी कोणाशी नीट बोलत नसे, पण तिच्याशी बोलायची. आईला ते आवडत नसे. कोड एकाचं दुसऱ्याला होत नाही हे आईला ऐकून माहीत होतं, तरी ती मधे सरकून बसायची.

नागपूरला प्रयोगशाळेत मी बटाट्याचं पाणी, साखर आणि अगर यांचा घट्ट थर दिलेल्या काचेच्या बशांत ते नमुने पसरून उबेच्या कपाटात ठेवायची. काही दिवसांनी बशांमध्ये राखाडी, तपकिरी, पांढरे कापसाचे ठिपके उमटायचे. मला वाटलं होतं, झऱ्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त प्रकार मिळतील, कारण खरा झरा तोच. झालं उलटं. तोंडाशी जवळपास काहीच नाही. बायकांच्या कुंडाच्या काठाला मात्र नुसती जत्रा. मी हिरमुसून सरांकडे गेले, नमुने बिघडले म्हणून.

सर हसले. "बिघडले कशाने? तोंडाशी पाणी जास्त गरम, गंधक जास्त आणि खायला काही नाही. बुरशीने तिथे राहायचं कशावर? खाली काय काय असतं ते सांग."

मी सांगत गेले. फुलं, नारळाच्या शेंड्या, केळीची पानं, कणकेचे दिवे, डोक्याचं तेल, साबण, ओली लुगडी, झाडांचा पाला.

"म्हणजे ऊब आहे, ओल आहे आणि जेवण आहे," सर म्हणाले. "बुरशी कुठली, हे जागा ठरवते. आणि एक कर. त्या बायका स्वतःच्या अंगावरून काय काय कुंडात आणतात तेही बघ, नाहीतर ते सगळं तू झऱ्याच्या नावावर खपवशील. माणसाची कातडी हीसुद्धा एक जागाच आहे."

कातडीचा नमुना घ्यायचा सोपा उपाय सरांनीच दाखवला. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा अंगावर दाबायचा, ओढून काढायचा आणि काचेवर चिकटवायचा. अनोळखी बायकांना चिकटपट्ट्या लावत फिरले असते तर मी मार खाल्ला असता, म्हणून सुरुवात घरापासून केली. आईच्या दंडावर लावली, ती गुदगुल्या झाल्यासारखी हसत सुटली. बाबांनी टाच पुढे केली, "इथचं घे, इथं मस्त जाड हाय." ताई आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "घे कुठचंही. माह्यं काय आता झाकायचं राह्यलं?" मी मानेवरचीच घेतली, कारण पोलक्याच्या वर तेवढीच जागा उघडी होती. खरं सांगते, त्यामागे माझं काही डोकं नव्हतं.

सोमवारी त्या काचांवर निळ्या रंगाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. आईच्या काचेत कातडीचे पापुद्रे. बाबांच्या टाचेत पापुद्र्यांवर पापुद्रे. ताईची काच लावली आणि मी डोळा काढून पुन्हा लावला. शेवयांचे आखूड तुकडे करून त्यात साबुदाणा मिसळावा तसं सगळं क्षेत्र भरलं होतं. निळे तुकडे, निळे गोल दाणे, झुपक्या-झुपक्याने. मी सरांना हाक मारली. माझा आवाज कसा आला कोण जाणे, ते हातातला चहा ठेवून आले.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ही कोणाच्या अंगावरची?"

मी सांगितलं. मग डागांचं सांगितलं, कोडाचं सांगितलं, शाळेचं, आर्वीचं, तेलाचं, सगळंच सांगितलं. घरची मनाई त्या दिवशी पार मोडली.

"मी डॉक्टर नाही," सर म्हणाले, "पण कोडात असं काही दिसत नाही. हे शिबं असणार. बुरशी आहे, बिचारी साधी. आणि हिला एकच गोष्ट मनापासून आवडते, ती म्हणजे तेल."

मी तिथल्या स्टुलावर बसून रडले. आनंदाने आणि संतापाने, दोन्हीने. तीन वर्षं आम्ही ताईला ऊब देत होतो, ओल देत होतो, तेल देत होतो, आणि कोणी उन्हात वाळवू नये म्हणून वरून झाकण लावत होतो. उबेच्या कपाटात मी माझ्या बशांची इतकी बडदास्त ठेवली नसेल.

घरी सांगायला गेले तेव्हा वाटलं होतं, आनंदीआनंद होईल. आई म्हणाली, "बुरशी? माह्या पोरीच्या आंगावर?" तिला ते कोडापेक्षा वाईट वाटलं. कोड दैवाने येतं, बुरशी म्हणजे घरात अस्वच्छता. बाबांना पटतच नव्हतं. "आत्या खोटं सांगन काय? तिनं डोयानं पाह्यलं." मी म्हटलं, मीही डोळ्यानेच पाहिलं, फक्त मधे एक भिंग होतं. बापलेकीची चांगलीच जुंपली. शेवटी ताई आतून आली, चप्पल घातली आणि म्हणाली, "मी नागपूरले चालली. रांगेत कोणी भेटलं तं भेटलं." तिच्या चालण्याचा वेग बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखा दिसला. बाबा मागून टोपी शोधत निघाले.

कातडीच्या डॉक्टरांनी मान पाहिली, नखाने जरा खरवडली, माझ्यासारखंच भिंगाखाली बघितलं आणि शिबंच आहे असं सांगितलं. तेल बंद, बंद गळा बंद, रोज कोरडं राहायचं आणि हायपोचं पाणी लावायचं. फोटो धुवायला वापरतात तेच हायपो. आईने बाटलीचा वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "वास तं कुंडासारखाच हाय वं," ती म्हणाली. गंधकाच्या कुळातलंच ते औषध. आईचा विश्वास बसायला तेवढा वास पुरला, आणि तिने ते पाणी दोन्ही वेळा नेमाने लावलं.

पण डाग गेले नाहीत. आठवडे गेले तरी मान तशीच चितकबरी. बाबा रोज सकाळी ओझरतं पाहायचे आणि माझ्याकडे वळायचे. "तुह्या काचेनं खोटं सांगतलं." मी पुन्हा चिकटपट्टी लावली. काचेत आता शेवया नव्हत्या, साबुदाणा नव्हता. बुरशी मेली होती, पण तिने खाल्लेला रंग परत यायला वेळ लागतो आणि ऊन लागतं, हे मी तिघांना बसवून समजावलं. ऊन म्हटल्यावर आई नको नको म्हणू लागली. ताई उठली, अंगणात गेली आणि ओसरीवरची संत्री उन्हात आणून निवडत बसली. साध्या पोलक्यात, मान उघडी टाकून, रस्त्याकडे पाठ करून. येणारे-जाणारे बघायचे. ती बसायची. हिवाळाभर ती अशी बसली आणि एक दिवस आई तिची वेणी घालता घालता थांबली. कोणता डाग कुठे होता ते तिला आठवेना.

आई देवाला नारळ बोलली होती, तो फेडायला आम्ही लगेच सालबर्डीला गेलो. कुंडाचा गुण आला असं ती भेटेल त्याला सांगत होती. मी दात-ओठ खात होते. कारंज्याच्या बाईने ताईला हाताला धरून उजेडात उभं केलं, मान इकडून तिकडून पाहिली आणि मग माझ्यापुढे हात केला.

"माह्यंही पाहून दे ना, बाई. तुह्या काचेत."

मी टाळायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. तिला दवाखान्यात कोड सांगितलंय हे मला माहीत होतं. पण तिचा हात पुढेच होता. मी पट्टी लावली, काचेवर घेतली, नागपूरला नेली. ती काच मी सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, सरांना दाखवली. ती स्वच्छ होती. आयुष्यात कितीतरी काचा मी बघितल्या, बुरशी दिसावी म्हणून इतक्या आशेने मी दुसऱ्या कुठल्याच काचेत पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी ताई म्हणाली, मीही येते. तिला आता कुंडाची गरज नव्हती. बाई पाण्यात बसली होती. मी काठावर बसून सांगितलं की काचेत काही निघालं नाही.

"काईच नाई?"

"नाही."

"मंग बरं हाय ना?" असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. थोडा वेळ ती पाणी हाताने इकडेतिकडे करत राहिली. "डाक्टरनं सांगतलंच होतं मले. म्हटलं, तुह्या काचेत दुसरं काई दिसन. चाल, दिसलं नाई तं नाई."

ताई साडीसकट कुंडात उतरली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. काठावरच्या बायका बाहेर निघाल्या होत्या, त्या तशाच बघत उभ्या राहिल्या. परतीच्या वाटेवर आईने विचारलं, "काऊन उतरली वं आता?" ताई ओला पदर पिळत पुढे निघाली. त्यानंतरही ती अधूनमधून जात राहिली. बाईने दिलेली भाकर-चटणी ती तिथेच बसून खायची.

आणि मग आर्वीहून निरोप आला. मुलाचा विचार आता झाला होता. मुलगी बरी झाली असं कानावर आलंय, तर बैठक करू. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याच दिवशी ओसरी झाडून घेतली, पेढे आणायचं काढलं. शाळेचं नाव मी काढलं तर म्हणाले, "आता कायची शाळा? सासरी जाईन थे."

ताई आतून आली. "बाबा, त्याईले सांगा, कोडच हाय म्हणून. डाग गेले दिसते, पण कोड हाय. मंग आले तं बसू बैठकीले."

"येडी झाली काय? खोटं कायले सांगू?"

"थे आता येऊन राह्यले थे बुरशी होती म्हणून. कोड असतं तं मी कोण होती?"

बाबांना राग आला, आईला रडू आलं. ताई हटली नाही. तुम्ही नाही सांगितलं तर बैठकीत मीच सांगीन, असं म्हणाली, आणि ती सांगेल याबद्दल आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती. तिसऱ्या दिवशी बाबा टोपी घालून आर्वीला गेले. बहुतेक समजूत घालून येऊ, पोरीच्या डोक्यातलं खूळ म्हणून सांगू, अशा बेताने गेले असावेत. तिथे बसल्यावर काय झालं कोणास ठाऊक, पण ते ताईने सांगितलं तसंच बोलून आले.

संध्याकाळी परतले, पाय धुतले, बाजेवर बसले. आईने विचारलं, काय म्हणाले.

"काई नाई. चहा पाजला. विचार करून सांगतो म्हणाले." बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी बाहीर येऊन चप्पल घातली. मांगं पाह्यलं तं मी बसलो होतो थे सतरंजी आंगणात आणून झटकून राह्यले होते. माह्या आंगावर तं काईच नोयतं."

ताई परातीत ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"माह्याही नोयतं, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मी त्यांना तसं पाहताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. डाग शोधायला नव्हे, नुसतंच पाहत होते. आईने पुढे केलेलं पाणी त्यांनी घेतलं, प्यायले, आणि तांब्या खाली ठेवून ताईला विचारलं, आष्टीची शाळा किती वाजता भरते. तिने सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तरी पहिल्या तासाला कोणता वर्ग असतो तेही सांगितलं.

"हेडमास्तरले उद्या भेटू," बाबा म्हणाले. "मी येतो संगं."